काटकरांच्या सुनेचा कुकर आणि माणदेशाचं पदक

“कुणाला खरं वाटायचं न्हाय,” असं म्हणूनच लालासाहेब काटकर कुठल्याही गोष्टीला हात घालत. तेव्हा ही गोष्टही तशीच सुरू केलेली बरी. कुणाला खरं वाटायचं नाही, पण माणदेशात एक साल असं आलं की पाण्याला लपायला जागा उरली नाही. काळ्या खडकाखाली पिढ्यान्‌पिढ्या गुमान बसलेलं पाणी एक बाई डब्यात बघून सांगू लागली. डबा घरातल्या मोठ्या कुकरएवढा. बाई म्हणजे काटकरांची सून. आणि तिचा सासरा, म्हणजे हेच लालासाहेब, त्या मुलखातला सगळ्यांत नावाजलेला पाणाड्या. एवढं सगळं एका घरात मावलं कसं, हे विचारू नये. मावलं.

सासऱ्याला सगळा गाव तात्या म्हणे, म्हणून सूनही तात्याच म्हणू लागली. तात्यांची पाणी बघायची रीत जुनी होती. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि रानातून अनवाणी फिरायचं. नारळ उभा राहील तिथे पाणी. निम्म्या वेळा लागायचं. उरलेल्या निम्म्या वेळा तात्यांकडे गोष्ट असायची. “पाणी हुतं की. तुमचा बोअरचा ट्रक किती बोंबलतोय. बुजलं ते आन् सरकलं बांधापल्याड.” शेतकरी कोरड्या भोकाकडे बघायचा, तात्यांकडे बघायचा आणि शेवटी हसायचा. माणसं पाण्यासाठी तात्यांना न्यायची हे खरं, पण पाणी लागलं नाही तरी दिवस वाया गेला असं कुणाला वाटायचं नाही.

सून ईश्वरी सांगलीची. पुण्याला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून ती तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला आली, तिथेच शिकवणाऱ्या धैर्यशील काटकरशी तिचं जमलं आणि ती टाकेवस्तीला नांदायला आली. येताना भांड्यांपेक्षा जास्त लेझर घेऊन आली. रिकाम्या गोठ्यात तिने तिचं यंत्र मांडलं. तात्या पहिले काही दिवस गोठ्याच्या दारात उभे राहून नुसतेच खाकरत होते. मग एकदा चहा घेता घेता त्यांनी विचारलंच.

“हे नेमकं करतंय काय?”

“तात्या, समजा तुमच्या हातात आंबा आहे आणि तुम्ही तो सोडलात.”

“सोडतोय कशाला? खाईन की.”

“समजा निसटला. तो खाली पडतो, कारण जमीन त्याला ओढते. खाली भरीव दगड असेल तर ती किंचित जास्त ओढते. दगड भेगाळलेला आणि भेगा रिकाम्या असतील तर किंचित कमी. त्याच भेगांत पाणी भरलं असेल तर त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी. म्हणजे आंबा किती वेगाने पडला हे नीट मोजता आलं तर खाली काय आहे ते कळेल.”

“आंब्याला कळतंय व्हय?”

“त्याला नाही कळत. फरक फार बारीक असतो, अब्जात दोन-तीन भागांचा. म्हणून मी आंब्याऐवजी अणू सोडते. रुबिडियम नावाचा एक धातू आहे. त्याचे अणू एरवी नुसते सैरावैरा धावत असतात. लेझरने त्यांना सगळ्या बाजूंनी असं दाबायचं की त्यांची धावपळ जवळजवळ थांबते. म्हणजेच ते अतिशय थंड होतात. मग हवा काढून टाकलेल्या नळीत त्यांना अलगद सोडायचं. वाऱ्याचा धक्का नाही, कशाला घासणं नाही. ते फक्त पडतात, आणि दुसरा लेझर त्यांचं पडणं मोजतो.”

तात्यांनी बशीतला चहा संपवला. “मंजी अणूंचा नारळ केलास तू.”

ईश्वरीने यावर थोडा विचार केला आणि ते मान्य केलं.

असं यंत्र जगात आधीपासून होतं. ते खोलीएवढं असायचं आणि खडकाचं वजन कुठलं, पाण्याचं कुठलं, हे त्याला सांगता येत नसे. ईश्वरीची करामत इथे होती. ती अणूंचे दोन पुंजके दोन वेगळ्या उंचीवरून सोडायची. जवळची वस्तू त्या दोघांना बरीच वेगवेगळी ओढते, खोलवरची वस्तू जवळपास सारखीच. त्या फरकावरून पाणी किती खाली आहे आणि किती आहे, याचं गणित तिने बसवलं, आणि ते सगळं डब्यात कोंबलं. डब्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. वस्तीने पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘कुकर’ करून टाकलं. कुकरला शिट्टी नव्हती. मोजमाप पुरं झालं की तो तीनदा टिंग करायचा, आणि तोवर जवळच्या माणसांनी हलायचं नाही असा नियम होता.

पहिलं वर्षभर तो डबा रानोमाळ तात्यांनीच वाहिला. सुनेच्या आधी ते बांधावर पोचायचे आणि टिंग होईपर्यंत श्वास धरून बसायचे. यंत्राचं उत्तर आलं की हळूच म्हणायचे, “नारळ बी हेच म्हणला असता.”

मग टाकेवस्तीच्या पाण्याचा नकाशा पुरा झाला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला गेला. निळ्या पट्ट्या पाण्याच्या, बाकी सगळं राखाडी. त्यानंतर गाव पहिल्यासारखा राहिला नाही. मुलगी बघायला आलेले पाहुणे चहाआधी भिंत बघून यायला लागले. बांधांना किंमत उरली नाही, कारण पाणी बांधाखालून खुशाल आरपार गेलेलं सगळ्यांना दिसत होतं. “तुझी मोटर माझ्या रानाखालचं पीती,” अशी भांडणं महिनाभर चालली आणि नंतर, दुसरा इलाजच नसल्यामुळे, मिटली. एका पट्टीवर एकच विहीर आणि सगळ्यांचा हिस्सा असं ठरलं. कोरडी भोकं पाडणं थांबलं. बोअरचा धंदा करणाऱ्या विलास पुकळेचे ट्रक चिंचेखाली उभे राहिले आणि त्यांच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

आणि तात्यांचा फोन वाजायचा थांबला.

पाणी नुसतं भिंतीवर दिसत असताना नारळवाल्याला कोण नेणार? सकाळी धोतर नेसून, फेटा बांधून तात्या ओट्यावर बसायचे. रस्त्याने जीप आली की मान वळायची. जीप पुढे गेली की मान परत यायची. ईश्वरीला हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं, आणि चपाती करपायची.

“तात्या, उद्या चिलारवाडीला मोजायला जायचंय. चला की,” ती एकदा म्हणाली.

“मी कशाला? डबा उचलायला गाढव बी चालतंय.”

“गाढव टिंग होईपर्यंत गप बसत नाही.”

“मग धैर्यशीलला ने,” तात्या म्हणाले आणि घरात जाऊन झोपले. भर सकाळी.

त्या दिवसापासून त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलणं राहिलं. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांनी गोष्टी सांगणं सोडलं. ईश्वरीला वाटलं, जमिनीखालचं सगळं दिसायला लागलं आणि घरातला माणूस दिसेनासा झाला.

नशिबाने ते फार दिवस टिकलं नाही. भिंतीवरचा नकाशा टाकेवस्तीपुरता होता. आसपासच्या वाड्यांमधल्या काही जुन्या माणसांना डब्यापुढे हात जोडणं जमेना. त्यांनी तात्यांना बोलावणं धाडलं. तात्या नारळ घेऊन गेले, आणि काय सांगावं, पाणी लागलं. दुसरीकडे गेले, तिथेही लागलं. ज्या नारळाने जन्मभर निम्मी साथ दिली तो म्हातारपणी एकदाही चुकेना. तात्यांच्या मिशा वर गेल्या. जेवताना भाकरी वाढली. गोष्टी परत सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा ऐसपैस.

एखादी गोष्ट ओळीने इतक्या वेळा बरोबर यायला लागली की तिच्यामागे काय आहे ते बघायचं, हे ईश्वरी वर्गात रोज शिकवायची. घरी तिने बघितलं नाही. सासरा पोटभर जेवत होता, तिला तेवढं पुरे होतं.

अशात माणदेश पदार्थविज्ञान पुरस्कारासाठी तिची निवड झाली.

या पुरस्काराला दिल्लीत कुणी ओळखत नाही आणि माणदेशात न ओळखणारा कुणी नाही. त्याची रीतच वेगळी. समिती संशोधन वाचून माणूस निवडते, पण पदक मिळतं ते मैदानात. शोध लोकांसमोर करून दाखवायचा. मग विजेत्याच्या घरचं कुणीतरी उठून चार शब्द बोलतं, त्याला ‘घरचा शब्द’ म्हणतात. त्यानंतर अध्यक्ष विचारतात, “पटलं का?” सभा हो म्हणाली तर पदक गळ्यात, नाहीतर पदक परत पेटीत. पदक पेटीत गेल्याच्या आठवणी लोक चवीने सांगत.

ईश्वरीचे शोधनिबंध बाहेर कधीच मान्य झाले होते. पण पुढचं काम सगळ्या माणदेशाच्या नकाशाचं होतं, आणि त्यासाठी दर रानात पाय ठेवू देणारा शेतकरी हवा होता. मैदानात हसं झालं तर कुकर परत गोठ्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“घरचा शब्द कोण बोलणार?” धैर्यशीलने विचारलं.

“तात्या,” ती म्हणाली.

तात्या पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, “मी खरं बोलायला कवा शिकलो?” पण कार्यक्रमाच्या दिवशी नवा फेटा बांधून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

कॉलेजचं मैदान सकाळी भरून गेलं होतं. समितीने चार ठिकाणी आधीच बोअर पाडून त्यांवर पत्र्याची झाकणं बसवली होती. कुठे पाणी आणि कुठे कोरडं, ते फक्त अध्यक्षबाईंना माहीत. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त प्राध्यापिका कलावती शिंगटे. त्यांच्यापुढे तालुक्याचे पुढारीही सरळ बसत.

पहिल्या झाकणाशी ईश्वरीने डबा ठेवला. टिंग, टिंग, टिंग. “पाणी आहे,” ती म्हणाली. शिंगटे मॅडमनी झाकण उघडून खडा टाकला. डुबुक. टाळ्या. दुसऱ्या ठिकाणी ती म्हणाली, “कोरडं.” खडा खडखडत गेला. तिसरंही बरोबर निघालं. सभा सैलावली, शेंगदाण्याच्या पुड्या फुटल्या.

चौथ्या ठिकाणी डबा म्हणाला, कोरडं. ईश्वरीने तसं सांगितलं. मॅडमनी खडा टाकला.

डुबुक.

मग मागून विलास पुकळे उठला. “कुकर कच्चाच उतरवला वाटतं सूनबाईंनी,” तो म्हणाला आणि मैदान हसलं. “आवं, घरात देव सोडून बाहेर शोधताय. तात्यांचा नारळ गेल्या वर्षात एकदा तरी चुकलाय का? ज्या घरात नारळ बरोबर हाय तिथं डब्याला पदक कशाला?”

ईश्वरी डब्याच्या पडद्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला दिसलं की आकडा हलतोय. मुंगीच्या पावलाने, पण वर चढतोय. खडक असा हलत नाही. पाणीही नाही. तिने मान वर केली.

लिंबाच्या सावलीत, झाकणापासून हाकेच्याही आत, पाण्याचा टँकर उभा होता. मंडपवाल्याने धूळ बसवायला आणलेला. टँकरवाला पाइप धरून निवांत सडा मारत होता. टँकर माणदेशात झाडासारखा असतो. तो उभा असतोच, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तिनेही बघितलं नव्हतं. हजारो लिटर पाणी डब्याहून उंचावर उभं राहून पडत्या अणूंना वरच्या अंगाला ओढत होतं. अणू सावकाश पडले आणि डब्याला वाटलं, खाली पोकळ आहे. टँकर रिकामा होत चालला तसतसा आकडा जागेवर येत होता.

“मॅडम, तो टँकर हलवा,” ती म्हणाली, आणि का ते चार वाक्यांत सांगितलं. टँकर मैदानाबाहेर गेला. डबा परत लावला. टिंग, टिंग, टिंग. पाणी आहे.

“लय भारी,” विलास म्हणाला. “खडा डुबुक वाजल्यावर आमच्या म्हशीला बी कळलं पाणी हाय म्हणून.”

यावेळी हसू मोठं होतं, आणि ते थांबलं तेव्हा लोक ईश्वरीकडे बघायचं टाळत होते. शिंगटे मॅडम माइकजवळ आल्या. “डॉक्टर काटकरांचं स्पष्टीकरण मला शास्त्र म्हणून पटतं,” त्या म्हणाल्या. “पण उत्तर कळल्यानंतरची दुरुस्ती पुरावा म्हणून मी मांडू शकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही मांडली नसती.” ईश्वरीने मान हलवली, कारण ते खरं होतं. “घरचा शब्द होऊ द्या. मग सभेला विचारू.” बोलताना त्यांचा हात पदकाच्या पेटीवर होता, आणि पेटीचं झाकण मिटलेलं होतं.

तात्या उठले. माइक त्यांनी हातात घेतला, जसा नारळ घेत तसा, आडवा.

“कुणाला खरं वाटायचं न्हाय,” ते म्हणाले, आणि मैदान खूश होऊन पुढे सरकलं.

“सुनेच्या डब्याबद्दल मला काय ठावं न्हाय. मी त्येला हात लावत न्हाय. आपला नारळ बरा. आता परवाचीच गोष्ट सांगतो, चिलारवाडीच्या साहेबराव विरकरच्या रानातली.”

ईश्वरी दचकली. गोष्टी सांगण्यात तात्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. ज्याची गोष्ट, तो समोर असताना ती सांगायची नाही. आणि साहेबराव विरकर समोरच होता, दुसऱ्या रांगेत, मांडीवर टोपी ठेवून. त्यालाही नवल वाटलेलं दिसलं. तात्या थेट त्याच्याकडे बघत होते.

“रान कसलं, तवा हो. खडकावर भाकरी भाजावी असलं. ह्यो साहेबराव माझ्या पायावर पडला. म्हणला, तात्या, तुमीच मायबाप.”

“पडलो न्हवतो,” साहेबराव शेजाऱ्याला पुटपुटला.

“रडला. उपरण्यानं नाक पुसत हुता. मी म्हणलं, गप, लेकरा. नारळ हातावर घेतला. येका जागी आलो आन् नारळ असा उभा ऱ्हायला, फौजदारासारका. उभा ऱ्हायला तो ऱ्हायला, वर गिरकी घेतली. साहेबरावची म्हस दावं तोडून नाचाय लागली. हिकडं म्हस, तिकडं साहेबराव, दोघं बी फेर धरून.”

मैदान लोळत होतं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. विलास पुकळेला जोर चढला, तो शिंगटे मॅडमना खुणेने ‘बघा’ म्हणत होता. साहेबराव तेवढा हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

“तात्या, आवरा,” तो म्हणाला.

“आवरतोय कशाला? खरं ते बोलतोय,” तात्या म्हणाले. “नाचून नाचून साहेबरावचं धोतार बांधावर आन् साहेबराव विहिरीकडं. मी म्हणलं, हलू नका रं कुणी, श्वास धरा. आन् मग नारळातनं आवाज आला. तीनदा. टिंग, टिंग, टिंग.”

ईश्वरीने मान झटकन वर केली. तात्या तिच्याकडे बघत नव्हते. ते अजून साहेबरावकडेच बघत होते, अगदी शांतपणे, एखाद्याला पुढची ओळ आठवावी म्हणून मास्तर थांबतात तसे.

“बोल की साहेबराव. नारळ वाजला का न्हाय? सांग सभेला, हाय का मर्दानगी? का म्हशीला इचारू?”

साहेबराव विरकर उठला. टोपी मांडीवरून खाली पडली, ती त्याने उचललीही नाही.

“साफ खोटं, तात्या,” तो सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा म्हणाला. “नारळ वाजला न्हाय, का उभा बी ऱ्हायला न्हाय. पाटीत घालून, वर फडकं झाकून, ह्यो सूनबाईचाच कुकर आणला हुता तुमी. मी इचारलं काय हाय, तर म्हणला, नैवेद्य हाय. टिंग टिंग त्यातनंच आलं, आन् पाणी लागलं ते बी कुकर म्हणला तिथंच!”